सल्ला: मूळ भाषा येत नाही, मग पुस्तकावर बोलू की नको?

पत्र

बाई, सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातली. बी.कॉम. करून बेळगावला उद्यमबागेत एका फौंड्रीत हिशेबाचं काम बघते. जाता-येता बसमध्ये वाचते. अलीकडे ठरवून विज्ञानकथा, कल्पित जगाच्या कथा आणि अनुवादित कादंबऱ्या वाचायला घेतल्या. प्रत्येकीबद्दल काय वाटलं ते वहीत लिहून ठेवते. त्यातलं थोडं कळवते.

चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’: कल्पना अफाट, पण माणसं पुठ्ठ्याची. सुरुवातीची पानं मात्र विसरता येत नाहीत. जपानी लेखिका योको ओगावा यांची ‘द मेमरी पोलीस’: झोप उडाली, पण शेवटी राग आला. वस्तू का नाहीशा होतात, ते पोलीस कोण, काहीच सांगत नाहीत. ‘बिफोर द कॉफी गेट्स कोल्ड’ वाचून मैत्रिणी रडल्या, मला सगळं तेच ते वाटलं. पोलिश लेखक स्तानिस्लाव लेम यांची ‘सोलारिस’ मध्ये मध्ये कंटाळवाणी आहे, तरी डोक्यातून जात नाही. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ची कल्पना भारी, शेवट मात्र वर्गात तास चालू असल्यासारखा.

आमच्या गावच्या साहित्य संमेलनात ‘मी वाचलेलं पुस्तक’ या सत्रात मला दहा मिनिटं दिली आहेत. यांतलं एक पुस्तक घेते म्हटल्यावर संयोजक सर म्हणाले, मूळ चिनी-जपानी येत नाही तर त्यावर बोलू नये, आणि नारळीकरांसारख्या मोठ्या माणसावर टीका तर नकोच. शिवाय सीमाभागात मराठी टिकावी म्हणून आपण संमेलन भरवतो, तिथं परक्यांची पुस्तकं कशाला? ऐतिहासिक कादंबरी घे. कन्नड मी शाळेत शिकले, ऑफिसात बोलते, वाचते. बाई, मला खरंच मत द्यायचा अधिकार नाही का? आणि लिऊंचे पुढचे दोन भाग वाचू का?

एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर

प्रिय मुली,

बोल. अधिकार आहे, आणि तो कुणी द्यावा लागत नाही. बसमध्ये दांडीला धरून उभं राहून जे पुस्तक तू शेवटच्या पानापर्यंत नेलंस, ते तुला कसं वाटलं हे सांगायला चिनी यायची गरज नाही. मूळ भाषा येणाऱ्यानंच तोंड उघडायचं असं ठरवलं असतं तर आपल्याकडे टॉलस्टॉयबद्दल कोण बोललं असतं? शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या आपल्या आज्यांनी मामा वरेरकरांच्या मराठीतून वाचल्या. त्यावर त्या रडल्या, शेजारणींशी वाद घातला. बंगाली त्यातल्या कुणाला येत होतं?

सरांच्या म्हणण्यात एक धागा मात्र खरा आहे, तो सोडू नकोस. तू लिऊ त्सिशिन वाचलेस ते केन लिऊ यांच्या इंग्रजीतून, आणि अनुवादक पुस्तकाला हात न लावता पलीकडून अलीकडे आणतो असं होत नाही. तुझंच उदाहरण घेऊ. सुरुवातीची पानं विसरता येत नाहीत असं तू लिहिलंस. ती चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीची पानं, 1967 सालची, जिथं भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला भर सभेत किशोरवयीन मुली मारून टाकतात आणि त्याची मुलगी गर्दीतून ते बघते. चिनी पुस्तक 2008 साली निघालं तेव्हा ही पानं सुरुवातीला नव्हती, ती मधे कुठंतरी होती. सेन्सॉरची नजर पडू नये म्हणून प्रकाशकांनी ती आत सरकवली होती. इंग्रजी करताना केन लिऊंना वाटलं, ही पहिली यायला हवीत. त्यांनी लेखकाला विचारलं, तर लेखक म्हणाले, माझ्या मनात मुळात तसंच होतं. म्हणजे तुला जी सुरुवात भिडली ती 2014 च्या इंग्रजी आवृत्तीतली आहे, आणि चीनमधल्या पुष्कळ वाचकांनी हीच कादंबरी वेगळ्या दारातून आत शिरून वाचली. तुझं मत यानं खोटं ठरत नाही. ते कुठल्या प्रतीबद्दल आहे एवढंच पक्कं होतं.

म्हणून वहीत एक सवय लावून घे. पुस्तकाच्या नावाखाली लेखक, त्याखाली अनुवादक, आणि अनुवाद कुठल्या भाषेतून झाला ते लिही. ही शेवटची ओळ बहुतेक लोक लिहीत नाहीत, आणि ‘सोलारिस’च्या बाबतीत तीच महत्त्वाची आहे. लेम यांनी ती 1961 साली पोलिशमध्ये लिहिली. 1970 पासून जगभर जी इंग्रजी प्रत फिरली ती पोलिशवरून केलेलीच नव्हती. आधी फ्रेंच अनुवाद झाला आणि त्या फ्रेंचवरून इंग्रजी. लेम यांना स्वतःला इंग्रजी वाचता येत होतं आणि त्यांना ती प्रत पसंत नव्हती. थेट पोलिशवरून इंग्रजी व्हायला 2011 साल उजाडलं, ते बिल जॉन्स्टन यांनी केलं. तुझ्याकडची प्रत कुठली हे ओळखायचं असेल तर नायकाच्या मेलेल्या बायकोचं नाव बघ. ‘रेया’ असेल तर तू फ्रेंचमार्गे आलीस. तो मधला कंटाळा कुणाचा, लेम यांचा की दोनदा गाळून आलेल्या वाक्यांचा, हा प्रश्न मग रास्त ठरतो. माझं मत विचारशील तर ती लांबच लांब ग्रंथालयाची प्रकरणं लेम यांनी मुद्दामच घातली आहेत. त्या ग्रहावरच्या समुद्राबद्दल माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथ लिहिले आणि तरी त्यांना तो कळला नाही, हे नुसतं एका वाक्यात सांगून भागत नाही, वाचणाऱ्याला त्या ग्रंथांचं ओझं जाणवावं लागतं. पण तुला कंटाळा आला असेल तर आला. तो लपवू नको, फक्त कुठल्या पानांवर आला ते टिपून ठेव.

कथेचा दोष कुठला आणि अनुवादाचा कुठला, हे मूळ न वाचता पुरतं सांगता येत नाही. तरी अंदाज बांधता येतो. शेतकरी, प्राध्यापक आणि लहान पोर हे तिघं एकाच ठेवणीत बोलत असतील तर माझा पहिला संशय अनुवादावर जातो. एखादं पात्र असं का वागलं तेच पटत नसेल, तर तो लेखकाचा प्रांत. प्रसंगांचा क्रम मी पूर्वी बिनदिक्कत लेखकाच्या खात्यावर टाकला असता, पण लिऊ त्सिशिन यांच्या त्या पानांची हकीकत कळल्यावर तिथंही हात जरा आखडता घ्यावा लागतो. आणि बोलताना अनुवादकाचं नाव घे, अगदी मोठ्यानं घे. आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिकाची रक्कम लेखक आणि अनुवादक यांना निम्मी-निम्मी मिळते. 2025 साली ते आपल्याच कर्नाटकातल्या बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना मिळालं तेव्हा अनुवादक दीपा भास्ती यांचा त्यात अर्धा वाटा होता. आपल्याकडे अजून वर्तमानपत्रातल्या परीक्षणातसुद्धा अनुवादकाचं नाव शोधावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता तुझी मतं. सगळी मला पटली नाहीत आणि ते तुला कळायला हवं.

‘माणसं पुठ्ठ्याची’ हे सरसकट झालं. लिऊंच्या नायकाबद्दल, वांग म्याओबद्दल म्हणशील तर कबूल. तो बिचारा वाचकाला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत घेऊन जाण्यापुरताच आहे. घरी बायको-पोर आहे, पण त्यांची त्याला आठवण येत नाही आणि आपल्यालाही येत नाही. पण त्या प्राध्यापकाची मुलगी, ये वेनजिए? डोळ्यांदेखत बाप गेलेला, आई बापाच्याच विरोधात उभी राहिलेली, विश्वास टाकला त्या माणसानं दगा दिलेला. अशी बाई माणूसजातीबद्दल जो निर्णय घेते तो भयंकर आहे, पण तिच्या जागी उभं राहिलं की तो कळतो. पुढे बऱ्याच वर्षांनी वडिलांना मारणाऱ्या त्या मुलींना ती गाठते. त्यांनी एकदा तरी चुकलं म्हणावं एवढीच तिची अपेक्षा असते. ते प्रकरण पुन्हा वाच. पुठ्ठ्याच्या माणसांना असं प्रकरण पेलत नाही. माझं म्हणणं असं की वहीत एखादं मोठं विधान केलंस की लगेच त्याला एक पान जोडायचं. विधान टिकतं ते पान सापडलं तर, आणि उलटं पान सापडलं तर विधान बदलायचं. अनुवादित कादंबरीला पहिल्यांदा 2015 साली विज्ञानकथांचं ह्यूगो पारितोषिक मिळालं ते याच कादंबरीला. पण म्हणून ती आवडलीच पाहिजे असं मुळीच नाही. पारितोषिकाला घाबरून मत मऊ करू नकोस, आणि पारितोषिक आहे म्हणून मुद्दाम कडकही करू नकोस.

ओगावांवरचा तुझा राग मला सगळ्यात मोलाचा वाटला. एक बेट आहे. तिथून एकेक गोष्ट नाहीशी होते, गुलाब जातात, पक्षी जातात, दिनदर्शिका जाते आणि मग हिवाळा हटतच नाही. गोष्ट जाते तशी तिची आठवणही लोकांच्या मनातून जाते. ज्यांना आठवत राहतं त्यांना स्मृतिपोलीस उचलून नेतात. कादंबरी लिहिणारी नायिका आपल्या संपादकाला, ज्याला सगळं आठवतं, घरातल्या दोन मजल्यांमधल्या चोरखोलीत लपवते. तू विचारतेस, हे का होतं ते लेखिका सांगत का नाही? मी तुलाच विचारते, सांगते असं तिनं कधी कबूल केलं होतं? लिऊंच्या कादंबरीत पहिल्यापासून कोडं आहे. शास्त्रज्ञ आत्महत्या का करतात, तो खेळ कुणी बनवला, तीन सूर्यांचं गणित काय. कोडं घालणाऱ्यानं उत्तर दिलंच पाहिजे, नाही दिलं तर वाचकानं रागवावं. ओगावांनी मात्र कोडं घातलेलंच नाही. त्यांच्या बेटावर वस्तू जातात तशा आपल्याकडे पावसाळा येतो. लोक उठतात, काय गेलं ते बघतात, उरलेलं नदीत सोडून देतात आणि कामाला लागतात. भीती आहे ती त्या कामाला लागण्याची.

आणि हे आपल्याला नवं नाही गं. बेळगावात वाढलेल्या आणि धारवाडात आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या जी. ए. कुलकर्णींची ‘स्वामी’ ही कथा वाचली आहेस ना? ‘पिंगळावेळ’मध्ये आहे. नसेल तर आधी ती वाच. एका वाटसरूला मठात आदरानं नेतात, खाऊ-पिऊ घालतात, आणि जमिनीखालच्या खोलीत स्वामी म्हणून कोंडून टाकतात. बाहेर पडायची सोय नाही. याच माणसाला का, हा मठ असा का चालतो, याची फोड जी.ए. करून देत नाहीत. तरी ती कथा वाचून कुणी पुस्तक मिटून ‘कारण सांगा’ म्हणालेलं मला आठवत नाही. घुसमट इतकी खरी असते की कारण विचारायचं सुचतच नाही. ओगावांची खोली दोन मजल्यांच्या मधे, जी.ए. यांची जमिनीखाली. एकीत माणूस वाचवायला ठेवलाय, दुसरीत पूजायला, आणि कोंडणं दोन्हीकडे आहे. यावर तुला खूप बोलता येईल. तरीही या दोन्ही वाचून तुझा राग तसाच राहिला तर तो राग घेऊन व्यासपीठावर चढ. मला तो ऐकायला आवडेल.

कॉफीच्या पुस्तकाबद्दल फार नाही सांगत. तोशिकाझू कावागुची हे मूळचे नाटककार, आणि ही गोष्ट आधी रंगमंचावर आली, कादंबरी मागाहून. एकच खोली, भूतकाळात नेणारी तीच खुर्ची, तेच नियम पुन्हा पुन्हा सांगणं, हे नाटकाला शोभतं आणि पानावर ताणल्यासारखं होतं. तुला ‘तेच ते’ वाटलं त्याचं कारण बहुधा हे. मैत्रिणी रडल्या तर रडू दे, त्यांचं रडणंही खरंच आहे.

नारळीकरांबद्दल सर म्हणाले ते मात्र मला मान्य नाही. मी वर्गात वर्षानुवर्षं मराठी शिकवलं, आणि मोठ्या लेखकाचं नाव काढलं की माना खाली घालून बसणारी मुलं मला कधीच चांगली वाचक वाटली नाहीत. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 1974 साली नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती टोपणनावानं, नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. ज्यांनी स्वतः आपलं नाव बाजूला ठेवून कथा पुढे केली, त्यांच्या कथेवर नावाकडे बघून गप्प बसायचं? ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये इतिहासाचा प्राध्यापक अशा जगात जाऊन पडतो जिथं 1761 ला पानिपतावर मराठे जिंकले आहेत. विश्वासरावांना लागणारी गोळी निसटून जाते आणि पुढचा सगळा इतिहास वळतो. पंत मुंबईच्या ग्रंथालयात बसून पान पान उलटत तो वळणाचा क्षण शोधतात, तो भाग मला आजही विलक्षण वाटतो. एका अभ्यासकाच्या बोटांतून चमत्कार उलगडत जातो, यासारखी दुसरी जागा मराठी विज्ञानकथेत मला तरी चटकन सांगता येणार नाही. त्यानंतर मित्राशी संवाद येतो आणि ‘कॅटॅस्ट्रॉफी थिअरी’, पुंजभौतिकी (क्वांटम) असं सगळं समजावून सांगितलं जातं. तुला तिथं तास चालू असल्यासारखं वाटलं, मला पण वाटतं. ते तसं का आहे तेही सांग म्हणजे झालं. कथेच्या निमित्तानं विज्ञान घराघरांत पोचावं हे त्यांना मनापासून हवं होतं, आणि त्यासाठी कथेनं थोडी किंमत मोजली तर ती त्यांना चालत होती. तू तो सौदा मान्य करतेस की नाही, एवढाच प्रश्न आहे. कोल्हापूरला जन्मलेले हे आपल्या शेजारचे लेखक 2025 साली गेले. त्यांच्या कथेवर खानापूरच्या एका मुलीनं बारकाईनं भांडावं, यात कसला आलाय अपमान?

आता सरांचा दुसरा मुद्दा, जो तुला जास्त लागलेला दिसतो. तो मलाही लागतो.

सरांना वाईट समजू नकोस. 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला हा मुलूख म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला, तेव्हापासून आपल्याकडे मराठी पुस्तक हातात धरणं ही नुसती आवड राहिली नाही. कडोलीत, उचगावात, येळ्ळूरला संमेलनं होतात, सकाळी ग्रंथदिंडी निघते, पोरं लेझीम खेळतात, बायका डोक्यावर कळस घेऊन चालतात, पाहुणे कोल्हापूर-पुण्याहून येतात आणि मांडवात दिवसभर गाव बसून राहतं. यामागं गावातल्या लोकांची पदरमोड असते, राबणं असतं. मराठी शाळेतला पट कमी होताना बघणाऱ्या माणसाला वाटतं, आहे तो वेळ आपल्याच पुस्तकांना द्यावा. त्यांची कळकळ शंभर टक्के खरी आहे. फक्त उपाय अपुरा आहे.

मराठी विज्ञानकथा जन्मली कशी ते बघ. 1900 साली ‘केरळ कोकिळ’ या मासिकात ज्यूल व्हर्नच्या चांद्रप्रवासाचं मराठी रूप येऊ लागलं. हे मासिक कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी सुरू केलं होतं ते कोचीनमध्ये. म्हणजे भाषा मराठी, गाव मल्याळी मुलखातलं, लेखक फ्रेंच, आणि विषय चंद्र! त्या काळात कुणी आठल्यांना म्हणालं असेल का, परमुलखात राहून मराठी टिकवायची तर फ्रेंच माणसाचं चंद्रावर जाणं कशाला? पुढे भा. रा. भागवतांनी तोच व्हर्न मराठी पोरांच्या हातात दिला. आणि ज्यांचं नाव बेळगावकर अभिमानानं घेतात ते जी.ए.? त्यांनी अमेरिकेतल्या कॉनराड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’. ओहायोच्या जंगलात झाडं तोडून वस्ती करणाऱ्या माणसांची कहाणी धारवाडात बसून मराठी झाली. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला लेखक अनुवादाला कमी लेखत नव्हता. आपल्या भाषेत हे मावतं का, हे बघायची त्याला हौस होती.

म्हणून तू चिनी-जपानी पुस्तक संमेलनात घेऊन गेलीस तर मराठीचा वेळ वाया जात नाही. ओगावांचं बेट त्या मांडवात पहिल्यांदा मराठीत उभं राहील, आणि ते तू उभं केलेलं असेल. सरांना हे समजावताना वाद घालू नकोस. म्हण, ‘सर, पुस्तक परकं आहे, पण बोलणार मी मराठीतच की.’ बाकी ऐतिहासिक कादंबरीही वाच बरं का. कोवाड आपल्यापासून किती लांब आहे? रणजित देसाई तिथलेच. पण यावेळी मनात जे खदखदतंय तेच घे.

आणि एक गोष्ट तुझ्याकडे आहे जी पुण्या-मुंबईच्या पुष्कळ वाचकांकडे नाही. तुला कन्नड वाचता येतं. मूळ आणि अनुवाद यांत काय होतं हे तुला चिनीत कळणार नाही, पण कन्नडमध्ये आपल्या डोळ्यांनी बघता येईल. भैरप्पांची ‘पर्व’ घे. उमा कुलकर्णींनी ती मराठीत आणली, त्या मूळच्या बेळगावच्याच. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी मूळ कन्नड वाचून ध्वनिमुद्रित करून ठेवत आणि ते ऐकत ऐकत त्या मराठी लिहीत. म्हणजे ते भाषांतर कानातून आलेलं आहे. तू एक प्रकरण कन्नडमध्ये वाच, मग तेच मराठीत, दोन्ही मोठ्यानं. कुठं वाक्य लांबलं, कुठं तुटलं, कुठला राग मराठीत थोडा निवला, ते टिपून ठेव. तुझ्या आवडीच्या दृष्टीनंही ‘पर्व’ बघण्यासारखी आहे, कारण तुझी विज्ञानकथा साध्या जगात चमत्कार आणते आणि भैरप्पा महाभारतातून चमत्कार काढून टाकतात. देव उतरत नाहीत, अस्त्रं कडकडत नाहीत, उरतात ती थकलेली माणसं आणि युद्धाची घाण. कल्पित साहित्याबद्दल विचार करायला हे उलट टोक फार उपयोगी आहे.

कन्नडमध्येच राहून आणखी दोन सुचवते. पूर्णचंद्र तेजस्वींची ‘कर्वालो’, 1980 ची. कर्नाटकातल्या डोंगराळ मलनाडात, मूडिगेरेजवळ एक शास्त्रज्ञ, एक शेतकरी आणि गावातली रिकामटेकडी वाटणारी माणसं मिळून कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एका उडत्या सरड्याच्या मागावर जंगलात शिरतात. लोंढ्याच्या, भीमगडच्या रानाजवळ वाढलेल्या मुलीला ते जंगल ओळखीचं वाटेल. दुसरी शिवराम कारंतांची ‘मूकज्जिय कनसुगळु’. त्यातल्या म्हाताऱ्या आजीनं एखादी जुनी वस्तू हातात धरली की तिला त्या वस्तूचा भूतकाळ दिसतो. कारंतांना 1977 चं ज्ञानपीठ मिळालं ते याच कादंबरीवर. आता ही आजी ओगावांच्या बेटावर नेऊन उभी कर. तिथं वस्तू गेली की आठवण जाते, इथं वस्तू हातात आली की हजारो वर्षं परत येतात. एक बाई जपानी, एक किनारपट्टीची कन्नड. हा जोड लावणारा वाचक सीमाभागातच तयार होऊ शकतो असं मला मनापासून वाटतं, कारण इथं घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि परीक्षेत तिसरी असते.

दहा मिनिटांसाठी पाचही पुस्तकं घेऊ नकोस, कुणालाच काही कळणार नाही. एकच घे, आणि ती ‘मेमरी पोलीस’ घे. लिऊंची समजावताना तुझा सगळा वेळ तीन सूर्यांतच जाईल. ओगावांच्या बेटाला विज्ञान लागत नाही, मांडवातल्या आजीलाही ते कळेल. आरंभी कथानक सांगत बसू नकोस. एखादं पान तूच मराठीत करून वाच, पक्षी नाहीसे होतात ते घेतलंस तर उत्तम. घरी बोलतेस त्याच मराठीत कर. प्रमाणभाषेचा इस्त्रीचा सदरा चढवायची गरज नाही, आपल्याकडचं ‘काय की’, ‘होय की’ राहू दे, त्या पानाला ते शोभेल. मग जी.ए. यांची ‘स्वामी’ आठवून दे, तिथं लोक पुढे सरकून बसतील. मग तुझा राग सांग. शेवट मात्र फोडू नको, ज्याला वाचायचं त्याला ते सुख राहू दे.

सभेत कुणीतरी उठून विचारेलच, ‘मूळ जपानी वाचलंय काय?’ चाचरू नकोस. सरळ सांग: नाही. मूळ 1994 चं आहे, मी स्टीफन स्नायडर यांचा इंग्रजी अनुवाद वाचला, तो 2019 ला आला, आणि मी बोलले ते त्याबद्दल. ‘गंगाधरपंतां’वर बोलायचं असेल तर ते पुढच्या वर्षी, स्वतंत्र सत्रात, सरांनाच शेजारी बसवून. त्यांना नारळीकर आवडतात, तुला ते पुरते पटत नाहीत, दोघांनी मिळून ती एक कथा सोडवली तर मांडव रंगेल.

राहिले लिऊंचे दोन भाग. वाच. दुसरा, ‘द डार्क फॉरेस्ट’, पहिल्याहून मोठा आणि माझ्या मते अधिक चांगला आहे. तिसरा, ‘डेथ्स एंड’, इतका विस्तारतो की कुठं कुठं दम लागतो. पण तुला यात एक खास काम आहे. दुसऱ्या भागाचा अनुवाद जोएल मार्टिनसन यांनी केलाय आणि तिसऱ्याचा पुन्हा केन लिऊंनी. लेखक तोच, गोष्ट तीच, मधेच हात बदललेला. पुठ्ठ्याची माणसं दुसऱ्या भागात थोडी जिवंत वाटली, तर ते लेखकामुळे की अनुवादकामुळे, आणि तिसऱ्यात पुन्हा काय झालं, हे वहीत लिहून मला कळव. दुसऱ्या भागात लुओ जी म्हणून एक आळशी, पळपुटा प्राध्यापक भेटेल. त्याच्यापासून सुरुवात कर.

तुझी,
बाई